पाळीव कासव आणि त्याचे ऊन

पावसाळा ओसरल्यानंतर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गावाबाहेरच्या तळ्याकडे नजर टाकली, तर पाण्याबाहेर डोकावणाऱ्या एखाद्या खडकावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर कासव निश्चल बसलेले पुष्कळदा दिसते. मान ताणलेली, मागचे पाय पसरलेले आणि पाठ सूर्याकडे केलेली, अशी त्याची बैठक असते. पाऊल वाजताच ते क्षणार्धात पाण्यात घसरते. तळ्याकाठी गुरे राखणाऱ्या मुलांस हे दृश्य नवीन नाही. ‘कासव ऊन खात आहे’ असे ती सहज म्हणून जातात. हा वाक्प्रचार अगदी यथार्थ आहे. अन्नाप्रमाणेच ऊन हाही कासवाच्या जीवनाचा आधार आहे. आणि पोटभर अन्न मिळूनही ऊन न मिळाले, तर ते हळूहळू खंगत जाते.

अलीकडे शहरांतूनच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतूनही कासवाची लहान पिले विकत आणून घरी पाळण्याची हौस वाढली आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार पिलू प्लॅस्टिकच्या वाडग्यात चार बोटे पाण्यात ठेवले जाते, आणि तो वाडगा दिवाणखान्यातील फडताळावर जातो. कित्येक विद्यार्थी असे पिलू कौतुकाने शाळेत घेऊन येतात. काही शाळांच्या निसर्गकोपऱ्यातही त्याला स्थान मिळते. अशा वेळी शिक्षकाकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक, त्या मुक्या प्राण्याचे हाल होऊ नयेत. आणि दुसरी, विद्यार्थ्यांस त्यातून खरे ज्ञान मिळावे. कासवाच्या बाबतीत या दोन्ही अपेक्षांचे मूळ त्याच्या उन्हात आहे. म्हणून या विषयाची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

कोणते कासव?

प्रथम हाती आलेले कासव कोणते आहे, हे पाहणे अवश्य आहे. दुकानांतून सर्वांत जास्त विकले जाणारे कासव हे आपल्या देशातील नव्हे. ते अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांमागे तांबडा पट्टा असतो, त्यावरून त्यास ‘लाल कानाचे कासव’ म्हणतात. इंग्रजीत त्यास ‘स्लायडर’, म्हणजे घसरणारे, असे नाव पडले, तेही उन्हात बसलेले असताना चाहूल लागताच पाण्यात घसरण्याच्या त्याच्या सवयीवरूनच. ज्या प्राण्याचे नावच ऊन खाण्याच्या बैठकीवरून पडले, त्याला फडताळावरच्या वाडग्यात ठेवणे किती विपरीत आहे, हे निराळे सांगावयास नको.

पाठीवर पिवळ्या चांदणीसारख्या रेघा असलेले तारांकित कासव, मागील पायांवर कातडी झापडे असलेले मऊ पाठीचे कासव, विहिरी-ओढ्यांत आढळणारे काळे कासव ही आपली देशी कासवे होत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे. ती पकडणे, विकणे अथवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. हा अधिनियम २०२२ साली सुधारण्यात आला व सुधारित तरतुदी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्या. त्यांतही हे संरक्षण कायम आहे. घरात जिवंत कासव ठेवल्याने लक्ष्मी नांदते, या समजुतीपायी पुष्कळ देशी कासवे आजही कोंडली जातात. असे कासव विद्यार्थ्याने आणल्यास मुलाला रागावू नये. पालकांस बोलावून वस्तुस्थिती सांगावी आणि कासव नजीकच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावे. तारांकित कासव हे तर जमिनीवरचे आहे. त्यास पाण्याच्या भांड्यात ठेवल्यास ते बुडून मरण्याचा संभव असतो.

यापुढील विवेचन मुख्यत्वे लाल कानाच्या कासवाविषयी आहे. नवीन कासव विकत आणण्याचे उत्तेजन देण्याचा हेतू त्यात नाही. जे अगोदरच घरात किंवा शाळेत येऊन पडले आहे, त्याची आबाळ होऊ नये, एवढाच उद्देश आहे.

उन्हाचे तीन उपयोग

मनुष्य, गाय, चिमणी यांच्या शरीरात अन्नापासून उष्णता निर्माण होते व बाहेर थंडी असो वा उन्हाळा, शरीराचे तापमान साधारण तेच राहते. कासव, सरडा, साप यांचे तसे नाही. त्यांना बाहेरून उष्णता घ्यावी लागते. पाण्यात थंड झालेले कासव उन्हात येऊन बसते, अंग तापले म्हणजे पुन्हा पाण्यात जाते. थंड अंगात अन्नाचे पचन नीट होत नाही. म्हणून कडक थंडीत पाणी गार पडले की कासव खाणे सोडते. उन्हाचा पहिला उपयोग हा असा उष्णतेचा आहे.

दुसरा उपयोग अंग कोरडे करण्याचा. कासवाचे कवच हे अंगात घातलेले चिलखत नसून त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. पाठीचा कणा व बरगड्या वरच्या कवचाशी जोडलेल्या असतात, आणि त्या हाडांवर नखासारख्या पदार्थाच्या खवल्यांचे आच्छादन असते. उन्हात पूर्ण सुकल्याने कवचावरील शेवाळ वाळते, जळवा गळून पडतात आणि जुन्या खवल्यांचा पातळ पापुद्रा सुटून निघतो. सदैव ओल्या राहिलेल्या कवचावर बुरशी व जंतू वाढून ते कुजू लागते.

तिसरा उपयोग डोळ्यांस न दिसणारा, परंतु सर्वांत महत्त्वाचा आहे. सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरण असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. जुन्या पुस्तकांतून त्यांस ‘जंबुपार किरण’ म्हटलेले आढळते. त्यांतील साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी त्वचेवर पडल्या म्हणजे त्वचेतील एका द्रव्यात पालट होतो, आणि पुढे शरीराच्या उष्णतेने त्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षावा भाग.) यकृत व मूत्रपिंड यांतून त्यावर संस्कार झाल्यावर ते जीवनसत्त्व अन्नातील कॅल्शियम रक्तात शोषून घेण्यास साहाय्य करते. ते नसेल, तर कितीही कॅल्शियम खाऊ घातले तरी बहुतांशी ते वाया जाते. मग शरीर आपल्याच हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते, आणि कासवाचे हाड म्हणजे त्याचे कवच. ते मऊ पडते, वाकडे होते, कडांनी वर वळते. ऊन खाताना कासव मान व पाय लांबवते, त्याचेही प्रयोजन यावरून ध्यानात येईल. कवचाबाहेरची उघडी त्वचा जितकी उन्हात येईल, तितके चांगले.

लहान मुलांस होणारा मुडदूस हा याच जातीचा विकार होय. १९१९ साली बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की या वैद्याने मुडदूस झालेल्या मुलांवर पारददीपाचे अतिनील किरण सोडून त्यांची हाडे सुधारतात, हे दाखवून दिले. या जीवनसत्त्वाशी संबंधित द्रव्यांवरील संशोधनाबद्दल जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ विंडाउस यांस १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या बालकांस जे लागू, तेच कासवाच्या पिलांस लागू आहे. लाल कानाच्या कासवांवर अमेरिकेत झालेला व २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने उल्लेखनीय आहे. अतिनील दिव्याखाली चार आठवडे ठेवलेल्या कासवांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण दिव्याविना ठेवलेल्या कासवांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले.

काचेतून आलेले ऊन

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आमची पेटी खिडकीतच असते, रोज ऊन येते,’ असे पुष्कळ पालक सांगतात. परंतु खिडकीच्या तावदानाची साधी काच प्रकाश व उष्णता आत सोडते, आणि ज्या अतिनील लहरींमुळे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, त्या जवळजवळ सर्व अडवून धरते. खिडकीमागील कासवास उजेड मिळतो, ऊब मिळते, पण मुख्य वस्तू मिळत नाही. शिवाय काचेच्या पेटीवर थेट ऊन पडले, तर आतील पाणी थोड्याच वेळात तापते. पळून जाण्यास जागा नसल्याने कासव उष्माघाताने मरू शकते. म्हणजे बंद काचेतील उन्हापासून लाभ थोडा आणि धोका मोठा.

ओटा कसा असावा

पाण्यात राहणाऱ्या कासवाच्या पेटीचे दोन भाग असावे लागतात: पोहण्यापुरते खोल पाणी व पूर्ण कोरडा ओटा. पेटीचे आकारमान कासवाच्या लांबीवरून ठरवावे. कवचाच्या दर सेंटिमीटर लांबीस सुमारे १५ लिटर पाणी, असा एक ढोबळ हिशेब पाळणारे लोक धरतात. दहा सेंटिमीटरच्या कासवास या हिशेबाने दीडशे लिटर पाणी लागते. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते, आणि नीट निगा राखल्यास वीस-तीस वर्षेही जगते. हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडूनच गुणाकार करवून घ्यावा. वाडग्यातील पिलाचे भवितव्य त्यांना आपोआप समजेल.

ओट्यासंबंधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

ओटा पाण्याच्या पातळीच्या वर व पूर्ण कोरडा असावा. अर्धवट बुडालेला दगड हा ओटा नव्हे. त्यावर कासवाचे पोट ओलेच राहते.

कासवाचे सर्व शरीर पाय पसरून मावेल व त्यास मागे वळता येईल, एवढी रुंदी असावी. दोन कासवे असल्यास दोघांस एकाच वेळी बसता आले पाहिजे. अन्यथा बलवान कासव दुसऱ्यास ढकलून देते.

ओट्यावर चढण्यास सौम्य उतरण असावी आणि तिचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असावे. पृष्ठभाग खरखरीत असावा. गुळगुळीत फरशी किंवा काच यांवरून कासव पुनःपुन्हा घसरते व शेवटी प्रयत्न सोडते. मात्र फार धारदार दगडाने पोटाकडील कवच खरवडते.

ओटा भक्कम बसवलेला असावा. एकावर एक रचलेले सुटे दगड ढासळून कासव त्याखाली अडकल्यास, ते हवेत श्वास घेणारे असल्याने बुडून मरते. जुनी वीट, ओढ्यातील सपाट दगड, अथवा पेटीच्या कडांवर टेकवलेली जाड फळी एवढ्या साध्या साहित्यातून उत्तम ओटा होतो. रंग दिलेले अथवा रसायन लावलेले लाकूड मात्र वापरू नये.

ओट्यापासून पेटीच्या काठापर्यंत पुरेशी उंची ठेवावी. कासव मंद असते ही समजूत गोष्टीपुरती खरी. चढण्याच्या बाबतीत ते चांगलेच चपळ असते.

दिव्यांची योजना

घरात कोंडलेल्या कासवास सूर्याऐवजी दिवे द्यावे लागतात. येथे हे पक्के ध्यानात ठेवावे की, उजेड, उष्णता व अतिनील किरण या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. सूर्य तिन्ही एकत्र देतो. दिवे बहुधा तसे देत नाहीत. घरातील एल.ई.डी. दिवा उजेड देतो, पण ऊब नाममात्र आणि अतिनील किरण नाहीत. तारेचा जुना पिवळा दिवा उजेड व ऊब देतो, पण उपयोगी अतिनील किरण देत नाही. माशांच्या पेटीवरील नळीदिवा केवळ शोभेचा उजेड देतो. म्हणून सामान्यतः दोन दिवे लागतात: एक उष्णतेचा व दुसरा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मुद्दाम बनवलेला अतिनील दिवा.

उष्णतेचा दिवा ओट्याच्या एका टोकावर टांगावा. ओट्यावरील तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअस आणि पाण्याचे २४ ते २७ अंश राहावे. हे अंदाजाने ठरवू नये. साध्या तापमापकाने, कासवाची पाठ जेथे येईल त्या उंचीवर, अर्ध्या तासाने मोजावे. तापमान अधिक भरल्यास दिवा वर घ्यावा, कमी भरल्यास खाली आणावा. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ३५ अंशांपलीकडे जाते. त्या दिवसांत उष्णतेचा दिवा बंद ठेवणेच योग्य. सर्व पेटी सारखी तापवण्याचा प्रयत्न करू नये. एका टोकास ऊन व दुसऱ्या टोकास गारवा असला, म्हणजे कासव आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते. त्याचे शरीर त्याला जे सांगते, ते कोणत्याही पुस्तकास सांगता येणार नाही.

अतिनील दिवा ओट्याच्या बरोबर वर असावा. बाजूने लावलेल्या दिव्याचे किरण सरळ डोळ्यांत जातात. वरून येणाऱ्या किरणांपासून पापणी व भुवईचा उंचवटा डोळ्याचे रक्षण करतात. दिवा व कासव यांमध्ये काच अथवा प्लॅस्टिकचे झाकण येऊ देऊ नये. बारीक जाळीनेही किरण कमी होतात. नळीच्या आकाराच्या दिव्यासाठी अंतर साधारण २५ ते ३० सेंटिमीटर असते. परंतु प्रत्येक दिव्यासोबतच्या पत्रकात दिलेले अंतर हेच प्रमाण मानावे. अंतर वाढले की किरणांचे बळ झपाट्याने घटते, आणि अंतर फार कमी केल्यास डोळ्यांस व त्वचेस इजा होते.

या दिव्याची आणखी एक खोड आहे. काही महिन्यांनी त्यातून निघणारे अतिनील किरण क्षीण होतात, परंतु उजेड पूर्ववत राहतो. दिवा जळताना दिसतो, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते, आणि कासव मात्र उपाशी राहते. यासाठी दिवा बसवल्याची तारीख त्याच्या होल्डरवर लिहून ठेवावी व प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावा. जंतुनाशक म्हणून विकले जाणारे अतिनील दिवे मात्र चुकूनही वापरू नयेत. त्यांचे किरण निराळ्या जातीचे असून कासवाच्या व मुलांच्याही डोळ्यांस घातक असतात.

दिवे दिवसा दहा ते बारा तास चालू व रात्री पूर्ण बंद असावेत. महाराष्ट्रात वर्षभरात दिवसमान सुमारे ११ ते १३ तासांच्या दरम्यान असते. त्याच्याशी हा क्रम जुळतो. रात्रीचा अंधार हीदेखील प्राण्याची गरज आहे. पाणी व वीज शेजारी असल्याने तारा उघड्या नसाव्यात, दिवा साखळीने घट्ट टांगलेला असावा, आणि तारेला खटक्याच्या खालपर्यंत झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खटक्यात न जाता खालीच ठिबकेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. विद्यार्थ्यांस दिव्यांची जोडणी करू देऊ नये.

अंगणातील ऊन

दिव्यांची ही यातायात वाचून खेड्यातील शिक्षकाने निराश होण्याचे कारण नाही. जेथे थंड हवेमुळे कासव बहुतेक वर्ष घरात ठेवावे लागते, त्या देशांत दिवे अपरिहार्य आहेत. आपल्या अंगणात मात्र सूर्य विनामूल्य आहे, आणि त्याची बरोबरी कोणताही दिवा करू शकत नाही. अंगणात मोठा टब किंवा सिमेंटचा हौद ठेवावा. त्यात ओटा करावा. त्याचा निम्मा भाग पक्क्या सावलीत यावा. कावळे, मांजर व कुत्रे यांपासून रक्षणासाठी वर मोठ्या भोकांची जाळी असावी. सावलीविना उन्हात ठेवलेले भांडे म्हणजे कढई होय, हे विसरू नये.

वेळेच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. अगदी सकाळचे कोवळे ऊन सुखद असते, परंतु तेव्हा सूर्यकिरण तिरपे येऊन वातावरणाच्या जाड थरातून जातात व हवे असलेले अतिनील किरण वाटेतच पुष्कळसे नाहीसे होतात. ते केव्हा भरपूर मिळतात, हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे स्वतःची सावली. सावली उंचीपेक्षा लांब असेल, तर अतिनील किरण सौम्य. सावली उंचीपेक्षा आखूड झाली, की ते प्रखर. कासवास अंगणात ठेवण्यासाठी सावली उंचीच्या आसपास येते तो काळ उत्तम. उन्हाळ्यात ही वेळ सकाळी साधारण नऊच्या पुढे येते. डिसेंबरात भर मध्यान्हीसुद्धा सावली उंचीच्या जवळपासच राहते, म्हणून त्या दिवसांत दुपारचे ऊन चालते. मे महिन्याच्या दुपारी मात्र सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा कासवास सावलीतच असू द्यावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आठवडे आठवडे आभाळ भरलेले असते. त्या काळापुरता तरी अतिनील दिवा ठेवणे हितावह आहे.

उन्हाच्या जोडीस अन्नात कॅल्शियम हवे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवल्यास कासव तो कुरतडते. जीवनसत्त्वाचे थेंब मात्र मनाने पाजू नयेत. ‘ड’ जीवनसत्त्वाचा अतिरेकही अपायकारक असतो.

आजाराची लक्षणे व स्वच्छता

कवच बोटाने दाबल्यास लवणे, कडा वर वळणे, पाय ओढत चालणे, डोळे सुजून मिटलेले असणे, नाकातून बुडबुडे येणे, पाण्यात एका अंगावर कलून पोहणे, दिवसेंदिवस न खाणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मऊ पडलेले कवच लवकर लक्षात आल्यास ऊन, कॅल्शियम व औषध यांनी पुन्हा घट्ट होऊ शकते. एकदा वाकडे झालेले कवच सरळ होत नाही.

कासव निरोगी दिसले तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांपासून लहान मुलांस ताप व जुलाब होतात. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरहून, लहान कासवांच्या विक्रीस बंदी घालण्यात आली. कासवास अथवा त्याच्या पाण्यास हात लावल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. त्याचे पाणी मध्यान्ह भोजनाच्या भांड्यांजवळ किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ ओतू नये.

नकोसे झालेले कासव

पिलू मोठे झाले, पाणी घाण होऊ लागले, की हौस सरते. मग एखाद्या संध्याकाळी घरातील वडीलधारी माणसे दयाबुद्धीने ते गावतळ्यात सोडून देतात. ही दया नव्हे. लाल कानाचे कासव जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकी जीवांच्या यादीत समाविष्ट आहे. युरोपीय संघाने १९९७ सालीच त्याच्या आयातीस बंदी केली. भारतातील काही जलाशयांतही ते आढळू लागले आहे. त्याचा उपद्रव कसा होतो, याचे एक उदाहरण आपल्या विषयाशी निगडित आहे. फ्रान्समध्ये झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लाल कानाची कासवे व तेथील देशी कासवे एकाच तळ्यात ठेवून पाहिली, तेव्हा ऊन खाण्याच्या चांगल्या जागा पाहुण्यांनी बळकावल्या आणि देशी कासवांस गैरसोयीच्या जागांकडे सरकावे लागले. तळ्यातील एक खडक गमावणे म्हणजे काय, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. म्हणून नकोसे झालेले परदेशी कासव तळ्यात, नदीत वा विहिरीत सोडू नये. प्राण्यांची काळजी घेणारी संस्था, पशुवैद्य किंवा वनविभाग यांचा सल्ला घ्यावा.

वर्गातील उपयोग

या विषयावर पाठ घेण्यासाठी वर्गात कासव असण्याची मुळीच गरज नाही. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव प्रत्येकाने पाहिलेले असते. तेथून आरंभ करता येईल. कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीने पोसते, अशी कल्पना आपल्या परंपरेत रूढ आहे. ईश्वराच्या वात्सल्याची उपमा म्हणून ती सुंदर आहे. प्रत्यक्षात मादी वाळूत किंवा मातीत अंडी पुरून निघून जाते आणि उन्हाने तापलेली जमीनच ती उबवते, हे सांगितल्यास मुलांस उपमा व वस्तुस्थिती यांतील भेदही उमजेल.

त्यानंतर दोन सारखे पेले पाण्याने भरून एक उन्हात व एक सावलीत ठेवावा आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहून घ्यावे. बाहेरील उन्हाने ज्याचे शरीर तापते, त्या प्राण्याची स्थिती यावरून कळते. मैदानात महिन्यातून एकदा सकाळी आठ, दहा व बारा वाजता विद्यार्थ्यांनी आपली सावली मोजून तक्ता करावा. भूगोल, गणित व निसर्गाभ्यास यांची त्यात सांगड बसते. आणि शक्य असेल तेथे हिवाळ्यातील एका सकाळी तळ्याकाठी, पुरेशा अंतरावर, पंधरा मिनिटे शांत बसून कासवे किती वेळ उन्हात बसतात, केव्हा पाण्यात जातात, एका खडकावर किती बसतात, याची नोंद करावी. मुलांस पाण्याजवळ एकटे जाऊ देऊ नये.

ज्या विद्यार्थ्याच्या घरी कासव आहे, त्याला चार प्रश्न द्यावेत: त्याला कोरडे बसण्यास जागा आहे काय? ती जागा पुरेशी उबदार आहे काय? काचेविना ऊन किंवा अतिनील दिवा त्याला रोज मिळतो काय? गरम झाल्यास जाण्यास सावली आहे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर घरी जाऊन पालकांशी बोलावे, आणि पुढील आठवड्यात काय बदलले ते वर्गात सांगावे. आणि ज्याला नवे कासव आणावयाचे आहे, त्याने हेच चार प्रश्न दुकानात जाण्यापूर्वी स्वतःस विचारावेत. बहुतेक मुलांस तेव्हा तळ्याकाठचे कासव अधिक आवडू लागते.